बाबा, इथे एक गिरणी बघितली

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

परवा फोनवर सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात आईच्या भिशीच्या बायका आल्या, मग राहिलंच. बाबा तुम्ही म्हणालात ना की नीट लिहून पाठव, फोनवर तुझी घाई असते, म्हणून आज छोटीला झोपवून बसलेय लिहायला. व्हॉट्सॲपवर टाकते, पण स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या टायपात प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर डोळे ताणून वाचू नका. आणि आई, हे तू वाचून दाखव त्यांना, मधलं मधलं गाळू नकोस.

तर गेल्या शनिवारी आम्ही स्लीपी हॉलोला गेलो होतो. आमच्या व्हाइट प्लेन्सपासून गाडीने वीस मिनिटं, हडसन नदीच्या काठावर आहे. इथे आता फॉल चालू आहे, म्हणजे पानगळ, पण आपल्याकडची फाल्गुनातली करडी पानगळ नाही, मेपलची झाडं अशी लालभडक होतात की पहिल्या वर्षी मला वाटलं होतं काहीतरी रोग पडलाय. ऑक्टोबरभर गावोगावी जत्राच असतात म्हणा ना. दारादारात भोपळे मांडलेले, दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची वाळलेली ताटं पेंढी बांधून उभी केलेली, अगदी कडब्याची पेंढी. सुगीचाच सण आहे हो मुळात. आपण दसऱ्याला भाताच्या लोंब्या दाराला बांधतो ना, ते बघितल्यावर मला हे परकं वाटेनासं झालं.

ह्या गावाचं नाव पूर्वी नॉर्थ टॅरीटाउन होतं, १९९६ साली गावाने मत देऊन ते स्लीपी हॉलो करून घेतलं, कारण वॉशिंग्टन आयर्विंग नावाच्या लेखकाने १८२० साली ह्या भागातल्या बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराची गोष्ट छापली आणि ती जगभर गेली. आता शाळेच्या टीमचं नावसुद्धा हॉर्समेन. आयर्विंगची कबरही तिथल्याच दफनभूमीत आहे. छोटीला भुताची गोष्ट हवी होती म्हणून आम्ही गेलो, पण मला तिथे भलतंच काहीतरी सापडलं आणि ते तुमच्यासाठी आहे बाबा.

तिथे फिलिप्सबर्ग मॅनर म्हणून जुना वाडा आहे. मॅनर म्हणजे नुसता वाडा नाही, जहागिरीच म्हणायला पाहिजे. फ्रेडरिक फिलिप्स हा हॉलंडहून आलेला सुतार, डच कंपनीचा नोकर, व्यापार करत करत एवढा मोठा झाला की १६९३ साली इंग्लंडच्या राजाने त्याला सनद दिली, ५२ हजार एकरांची! आपल्या अख्ख्या गावाची जमीन त्याच्या एखाद्या कोपऱ्यात मावेल. जमीन कुळांना दिलेली, कुळं गहू पिकवणार आणि फिलिप्सच्या गिरणीत आणणार, तिथे पीठ होणार, गलबतात भरून हडसनमधून न्यूयॉर्कला आणि तिथून वेस्ट इंडिजपर्यंत जाणार. म्हणजे सगळ्या जहागिरीच्या मध्यभागी काय, तर गिरणी. वाडा त्या गिरणीच्या शेजारी आहे, आणि वाडा तरी केवढा, पांढरा चुना लावलेला दगडी, दोन मजली, आपल्या मेणवलीच्या वाड्यापुढे अगदी साधा.

पोकँटिको नावाचा ओढा आहे तो बांध घालून अडवलाय, तळं केलंय, त्यावर लाकडी पूल, आणि पुलाच्या टोकाला गिरणी. हल्ली जी आहे ती जुन्या जागी पुन्हा उभी केलेली आहे, पण चालते. मी आत पाय टाकला आणि बाबा, वास! पिठाचा तो कोमट वास, दगड तापल्यावर येतो तो. मी तिथेच उभी राहिले. जावईबापू म्हणाले काय झालं, मला सांगताच येईना. आपली गिरणी बंद होऊन सहा वर्षं झाली, तुमचे गुडघे गेले आणि घरोघरी घरघंट्या आल्या, आणि तेव्हापासून तो वास मला कुठेच आला नव्हता.

आता तुम्हाला आवडेल ते सांगते. बाहेर पाण्याचं चाक, ते फिरलं की आतली लाकडी दातांची चाकं फिरतात, सगळी लाकडाची, आणि त्यावर वरचा दगड फिरतो, खालचा जागेवर. आपल्या गिरणीसारखी घरघर नाही, पट्ट्याची फटफट नाही, एक संथ गडगड असते आणि त्याच्या खाली पाण्याचा आवाज. वर लाकडाची चौकोनी पेटी, त्यातून मका पडतो तो एक लाकडी जीभ असते तिच्यावर, ती जीभ दगडाच्या फिरण्यानेच थरथरते आणि दाणा थोडा थोडा दगडाच्या डोळ्यात पडतो. दगड जोरात तर दाणा जास्त, दगड हळू तर दाणा कमी, आपोआप. हात लावायला नको. मला जात्यावर बसलेली आजी आठवली, ती हाताने घास टाकायची तेच काम ती जीभ करते.

आणि दगडाला टाकी मारलेली! वापरातून काढलेला एक दगड भिंतीला टेकून ठेवलाय, आपल्या दगडाच्या दुप्पट तरी असेल, त्याच्यावर मधून काठाकडे गेलेल्या खाचा. त्या खाचांतूनच पीठ बाहेर ढकललं जातं आणि हवा लागून दगड जास्त तापत नाही, असं तिथली गाईड सांगत होती. जुन्या काळचा वेश केलेली बाई होती, चांगली माहिती देत होती. सगळे मान डोलवत होते आणि मी मनात म्हणत होते, हे मला माहीत आहे, मी हे दहा वर्षांची असताना कंदील धरून बघितलंय. आठवतं ना? दर आठ-दहा दिवसांनी रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेलं की तुम्ही वरचा दगड उलटा करायचात, डोळ्यांवर तो जुना चष्मा, आणि टाकी घेऊन बसायचात. मी कंदील धरायची कारण लोडशेडिंग. ठिणगी उडाली की तुम्ही म्हणायचात, मागं सर. आईने जेवायला तीनदा हाक मारली तरी अर्धा दगड सोडून तुम्ही कधी उठला नाहीत.

मग गाईडने पेटीखालून पडणारं पीठ हातात घेतलं आणि अंगठ्याने बोटावर चोळलं. असं. जाड आलंय का बारीक ते बघायला. तीनशे वर्षांपूर्वीचा गिरणीवाला असंच बघायचा म्हणाली. बाबा, तुमचा हात. अगदी तुमचा हात. ज्वारी दळायला टाकली की तुम्ही पहिली चिमूट अशी चोळायचात, मग चक्र अर्धा फेरा आवळायचात, मग परत चोळायचात. मला तेव्हा रडू आलं, आणि छोटी माझ्याकडे बघत राहिली.

पण खरं सांगायचंय ते ह्याच्या पुढचं आहे.

त्या गिरणीवाल्याचं नाव सीझर होतं. तो गुलाम होता. फ्रेडरिक फिलिप्सचा मुलगा ॲडॉल्फ, त्याने लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, तो १७५० साली वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी केली गेली, जशी आपल्याकडे वारसनोंदीच्या वेळी करतात. त्या यादीत भांडीकुंडी आहेत, गुरंढोरं आहेत, आणि २३ माणसं आहेत. नावानिशी. लहान मुलंसुद्धा. सीझर त्यातलाच. नुसतं पहिलं नाव, पुढे आडनाव नाही, बापाचं नाव नाही. हे फिलिप्स बापलेक स्वतः गुलामांच्या व्यापारातही होते, पार मादागास्करपर्यंत त्यांची जहाजं जायची. मालक न्यूयॉर्क शहरात राहायचा आणि इथे गिरणी, शेती, गलबत, लोणी काढायचं दूधघर सगळं ही तेवीस माणसं चालवायची. म्हणजे एवढ्या मोठ्या धंद्याचं सगळं कसब सीझरच्या त्या अंगठ्यात होतं, दगड कधी आवळायचा, कधी सैल सोडायचा, पाणी कमी असलं तर काय करायचं, आणि त्याची स्वतःची नोंद मात्र दुसऱ्याच्या मालमत्तेत. ॲडॉल्फ गेल्यावर ह्यांतल्या काहींना लिलावाने विकायची जाहिरात निघाली. ती वाचायला मिळते. त्यात बायका, पोरं असं नुसतं मोजून लिहिलंय, कोण कुणाचं पोर ते नाही.

मला हे वाचून घरी आल्यावरही जेवण गेलं नाही. आपली गिरणी केवढीशी, दहा बाय बाराची, पत्र्याची, पण तिच्यावर पांढऱ्या रंगाने आजोबांचं नाव होतं आणि तुम्ही दर दिवाळीला ते उजळायचात. लोक तुम्हाला गिरणीवाले अण्णा म्हणायचे. बायका डबे रांगेत ठेवून बिनधास्त घरी जायच्या, कुणाच्या बाजरीवर कुणाचे गहू दळले जाणार नाहीत, उपासाच्या राजगिऱ्याला आधी दगड साफ होणार, हा भरवसा होता तुमच्यावर. आणि मी आठवीत असताना शाळेत तुम्ही डबा द्यायला आलात, केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, तर मी मैत्रिणींसमोर तुम्हाला ओळख न दिल्यासारखं केलं. तुम्ही काही बोलला नाहीत. डबा शिपाईमामांकडे देऊन गेलात. ही गोष्ट मी कधीच बोलले नाही, फोनवर बोलताही आली नसती, म्हणून लिहिते आहे. बाबा, माझं चुकलं होतं. त्या पिठावर मी शिकले.

(आई, हे वाचताना थांबू नकोस, पुढे वाच.)

अजून एक विचार सारखा डोक्यात येतोय. आपण मेणवलीला किती वेळा गेलो, तुम्ही सायकलवर पुढच्या दांड्यावर बसवून न्यायचात, नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, ती चिमाजीअप्पांनी वसईहून आणलेली मोठी घंटा, भिंतीवरची चित्रं. नाना जन्मले १७४२ ला, म्हणजे इथे सीझर पीठ चोळत होता तेव्हा तिकडे नाना लहान पोर होते, एकच काळ. आणि आपण सगळं बघितलं पण कधी विचारलं नाही की अशा वाड्यांमधून दोनशे पानं उठायची तर दळण कोण दळायचं. पेशवाईत कुणबिणी असायच्या, विकत घेतलेल्या बायका, दळण-कांडण त्यांच्याच अंगावर असायचं, हे पुस्तकात वाचलं होतं पण माझ्या ते मनात कधी शिरलं नाही. इथे त्या यादीतली नावं समोर मांडून ठेवलीत म्हणून शिरलं. आपल्याकडच्या वाड्यांमध्येही असं कुणीतरी सांगायला हवं, फार वाटतं मला. नावं मिळतील तेवढी नावं घेऊन सांगायला हवं.

ह्या जहागिरीचं पुढे काय झालं ते ऐकून बाबा तुम्हाला आजोबांची आठवण येईल. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिसरा फ्रेडरिक फिलिप्स इंग्रजांच्या बाजूने राहिला, म्हणून १७७९ साली न्यूयॉर्कने सगळी जहागीर जप्त केली आणि नंतर तुकडे करून विकली, त्यात कसणाऱ्या कुळांनीही आपापले तुकडे घेतले. आजोबांना कूळकायद्यात सव्वा एकर मिळाला आणि सातबाऱ्यावर नाव लागलं त्या दिवशी त्यांनी गावजेवण घातलं होतं, ते तुम्ही सांगता ना, तसं इथेही एखाद्याने घातलं असेल. पण गुलामांना ह्यातलं काही नाही. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी पूर्णपणे गेली ती १८२७ च्या ४ जुलैला. सीझरचं पुढे काय झालं ते मला तिथे कुठे वाचायला मिळालं नाही.

बरं, आता संध्याकाळचं सांगते, आईसाठी.

तिथून वर दहाएक मैलांवर क्रोटन गाव आहे, तिथे दुसरा वाडा, व्हॅन कॉर्टलँड मॅनर. ही दोन्ही घराणी सोयरी बरं का, व्हॅन कॉर्टलँडची बहीण फ्रेडरिक फिलिप्सने दुसरेपणाची केली होती. त्यांची जहागीर ८६ हजार एकरांची, सनद १६९७ ची. ह्यांच्यातला पियर व्हॅन कॉर्टलँड मात्र स्वातंत्र्याच्या बाजूने उभा राहिला आणि न्यूयॉर्क राज्याचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर झाला. घर १९४५ पर्यंत घराण्याकडेच होतं, मग रॉकफेलरने घेऊन नीट केलं आणि लोकांना उघडं केलं. आम्ही मात्र गेलो रात्रीचं, कारण २००५ पासून तिथे फॉलमध्ये भोपळ्यांची रोषणाई करतात. सात हजारांच्या वर भोपळे! कोरलेले, आत दिवा लावलेले. अंधारात नदीकाठच्या त्या बागेतून चालत जायचं, आणि दोन्ही बाजूंना नुसते भोपळे पेटलेले, डायनासोर भोपळ्यांचे, मधमाशा भोपळ्यांच्या, एक तर आख्खं तारांगण भोपळ्यांचं. खरा भोपळा कोरला की थोड्या दिवसांत सडतो म्हणून बरेचसे नकली असतात, पण खरेही असतात, जवळ गेलं की कळतं, कोरलेल्या कडा ओल्या दिसतात आणि दिव्याच्या उबेने भोपळा भाजल्याचा वास येतो. मला घारग्यांची आठवण आली. आई, तुझ्यासारखे घारगे जमत नाहीत मला, गूळ जास्त होतो आणि तळताना फुटतात, प्रमाण परत एकदा सांग, वाटीच्या मापाने सांग, "अंदाजाने" असं सांगू नकोस.

तुला गंमत वाटेल, इथे बायकापोरी सगळ्या बिनदिक्कत अख्ख्या भोपळ्यात सुरी घालतात. तू शेजारच्या काकांना हाक मारायचीस पहिला काप द्यायला, आणि काका घरी नसले तर भाजी दुसऱ्या दिवशी. छोटीने शाळेसाठी भोपळा कोरला तेव्हा मला क्षणभर कसंतरीच झालं पण मी काही बोलले नाही. ही चाल आयर्लंडहून आली, तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, इथे आल्यावर भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला मऊ. छोटी त्या सगळ्या झगमगाटात मला विचारते, ह्यांतल्या कुठल्या भोपळ्यात बसून आजी येणार? तू तिला व्हिडिओ कॉलवर ती लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट सांगितलीस ना, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच आहे. मग तिथला सगळ्यात मोठा खरा भोपळा निवडून आम्ही फोटो काढलाय, पाठवते.

थंडी होती चांगलीच, काळजी करू नका, तिला दोन स्वेटर घातले होते. गरम सायडर प्यायलो, म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला रस दालचिनी घालून उकळलेला, बाबा तुम्हाला आवडेल, आणि त्याच रसाचे डोनट. रविवारी सफरचंद तोडायला गेलो, पिशवी विकत घ्यायची आणि झाडावरून आपल्या हाताने भरायची, एम्पायर नावाची जात आहे इथल्याच राज्यात तयार केलेली, आंबटगोड, करकरीत. एवढी आणलीत की आता मुरांबा करते.

आणि कोजागिरी केली बरं का, इथल्या आपल्या मंडळींनी हडसनच्या काठावर दूध आटवलं. ही नदी पण मजेशीर आहे, समुद्राची भरती हिच्यात दीडशे मैल वर ट्रॉय गावापर्यंत चढते, म्हणून मूळच्या लोकांनी हिचं नाव ठेवलं होतं माहिकँटक, दोन्ही बाजूंना वाहणारी. चंद्र वर आला तेव्हा पाणी उलटं, आतल्या बाजूला चाललेलं, आम्ही त्यात पानं टाकून बघितलं.

आता कामाचं. बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करूनच घ्या, पुढे ढकलू नका, पैशांचा विचार तुम्ही करायचा नाही, दादाचं आणि माझं बोलणं झालंय. मार्चपर्यंत चालायला लागाल. व्हिसाचा फॉर्म मी भरून ठेवलाय, आईच्या पासपोर्टचा नंबर फक्त परत पाठवा, मागच्या वेळी फोटोत शेवटचा आकडा कापला गेला होता. पुढच्या ऑक्टोबरात तुम्ही दोघं इथे पाहिजे आहात. गिरणीपर्यंत गाडी जवळ जाते, फार चालायला नाही, पुलावर कठडा आहे.

मी निघताना त्या गाईडला सांगितलं की माझे वडील गिरणीवाले, ३४ वर्षं स्वतः दगडाला टाकी मारायचे. तिचा चेहरा असा खुलला बाबा! तिने मला परत आत नेलं, तो भिंतीचा दगड दाखवला आणि विचारलं, तुमच्याकडे खाचा सरळ काढतात की तिरक्या, आणि किती खोल? मला काही सांगता येईना. कंदील मी धरायची पण बघायची ठिणग्यांकडे. म्हणाले विचारून कळवते. तर तेवढं नीट आठवून लिहा, जमलं तर कागदावर दगड काढून रेघा मारून दाखवा, आणि माळ्यावर गोणपाटात तुमची टाकी अजून असेल तर तिचाही फोटो दादाला काढायला सांगा.

तुमची,
लेक